सुजीतच्या नावाची वाट

१

रविवारी सकाळी कावळखडकाच्या खिंडीत सगळा ताफा बुडाला.

पुढचं जहाज खडकावर चढून थांबलं, तेव्हा मागच्यांना वाटलं की ते आपली वाट बघतंय. भरलेली जहाजं जागच्या जागी वळत नाहीत. एकामागून एक येऊन ती एकमेकांवर आपटली, आणि थोड्याच वेळात पाण्यावर नुसत्या फळ्या आणि पिंपं उरली.

माणूस एकही मेला नाही. तो समुद्र एका खेळातला होता. त्या खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, बोईसरची मुलं त्याला नुसतं 'दर्या' म्हणायची. दर्यात एकदा बुडालेलं जहाज परत मिळत नाही. आणि दर्यात नकाशाही मिळत नाही. तो खेळणाऱ्यांनीच करायचा, स्वतः फिरून, मोजून.

बोईसरच्या चौघांनी केलेला नकाशा सगळ्यांत भरवशाचा मानला जायचा. परदेशातली पोरंसुद्धा तोच वापरत. त्या नकाशात कावळखडकाच्या खिंडीतून सलग रेषेनं वाट दाखवली होती, आणि तिच्याखाली ती शोधणाऱ्याची खूण होती : सु.

सु. म्हणजे सुजीत पागधरे. दिवाळीच्या तोंडावर बोईसर रस्त्यावर टँकरनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं होतं. आता फाल्गुन चालू होता.

दुपारपर्यंत खेळणाऱ्यांच्या गटावर शेकडो माणसं त्या मेलेल्या पोराला शिव्या घालत होती.

सुजीतच्या थोरल्या बहिणीला, हेमांगीला, यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पालघरला राहायची आणि विमा कंपन्यांसाठी बुडालेल्या, जळालेल्या मासेमारी बोटींची पाहणी करायची. बोट खरंच बुडाली की बुडवली, हे शोधणं तिचं काम. संध्याकाळी गावाहून वडिलांचा फोन आला. महादू पागधरे आपणहून फोन करणारा माणूस नव्हता.

"हेमा, बंदरावर विनोद भेटला. त्याच्या पोराची बोट बुडाली म्हनतो. आपल्या सुजीतनं खडकावर घातली म्हनतो."

हेमांगीनं दोनचार प्रश्न विचारले आणि तिला उलगडा झाला. "बाबा, त्या खोट्या बोटी आहेत. मोबाईलमधल्या."

"मानसं खोटी हायत का?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी चाळीस वर्सं तांडेल होतो, बोट मीच हाकायचो," महादू म्हणाला. "माज्या मागं आलेली एक बोट कधी खडकावर गेली नाय. आता बंदरावर मानसं माज्या तोंडाकडं बघतात. तू बोटींचा तपास करते ना? मग याचा कर. त्यानं केलं असंल तर तसं सांग. मी ऐकून घेन."

२

सोमवारी हेमांगी गावी गेली. तारापूरच्या अलीकडे, जिथून अणुवीज केंद्राचे घुमट दिसतात, तिथं किनाऱ्यालगत पागधऱ्यांचं घर होतं. सुजीतची खोली आईनं तशीच ठेवली होती. तो औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात उपकरणं दुरुस्त करायचा. शर्ट खुंटीवर होते. भिंतीवर दर्याचा मोठा छापील नकाशा लावला होता.

हेमांगीनं तो पहिल्यांदाच नीट पाहिला. सुजीत जिवंत असताना तिनं त्याला, 'अजून खेळतोयस होय,' याच्यापलीकडे कधी काही विचारलं नव्हतं.

नकाशाखाली कोपऱ्यात त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : 'पाहिलं असेल तरच काढा. ऐकलेलं असेल तर रेषा तुटक. दुसऱ्यानं जाऊन तपासल्याशिवाय रेषा सलग करायची नाही. तपासणाऱ्यानंही खूण करायची. तारीख घाला, खेळ बदलतो. पाणी सुकतीचं लिहा.'

सुकती म्हणजे ओहोटी. त्यांच्या घरात ओहोटी हा शब्द कोणी वापरत नसे. सुकतीचं पाणी लिहायचं, कारण सगळ्यांत कमी पाणी किती ते कळलं की बोट फसत नाही. हे, आणि खोली वावात, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या मापात मोजायची, हे बाबांनी दोघांना होडीत बसवून शिकवलं होतं.

तिनं कावळखडक शोधला. खिंडीतून वाट काढलेली होती, पण ती तुटक होती, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. शेजारी लिहिलं होतं : 'सु. ऐकीव.' आणि गणपतीच्या दिवसांतली तारीख.

आणखी सातआठ तुटक वाटा सोडल्या, तर बाकी नकाशाभर सलग रेषा होत्या. प्रत्येकीखाली दोन खुणा. बहुतेक ठिकाणी 'सु.' आणि 'दी.'

दी. म्हणजे दीपा. दीपा संखे. येत्या वैशाखात सुजीतचं तिच्याशी लग्न व्हायचं होतं.

हेमांगीनं भिंतीवरच्या नकाशाचा फोटो काढला. बाहेर ओट्यावर महादू बसला होता.

"काय?" त्यानं विचारलं.

"त्यानं ही वाट ऐकीव म्हणून लिहिली होती, बाबा. तुटक रेषेनं."

"मंग सलग कुनी केली?"

"त्यानंच नंतर केली असेल. हा कागद गणपतीतला आहे, तो गेला दिवाळीला. मधे दिवस होते."

महादूनं मान खाली घातली. खोटा धीर देणं हेमांगीला तिच्या धंद्यानं शिकवलं नव्हतं.

३

नकाशाची वेबसाईट रूपेश सांभाळायचा. सालवडला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. समोर दोन कामगार फोनची काच बदलून घ्यायला थांबले होते. त्यांच्याशी हिंदीत बोलता बोलता त्यानं हेमांगीला स्टूल दिलं.

"ताई, मला खूप वाईट वाटतं. मी लोकांना सांगतोय, मेलेल्या माणसाला बोलू नका म्हणून."

"ते नंतर. नकाशा दाखव."

त्यानं स्क्रीन फिरवली. कावळखडकाच्या खिंडीत रेषा सलग होती. तारीख तीच, गणपतीतली. 'ऐकीव' हा शब्द मात्र गेला होता, आणि तिथं नवी ओळ होती.

"काय लिहिलंय ते वाच," हेमांगी म्हणाली.

"'सु. सुक्तीला तीन वाव.'" रूपेश अडखळला. "सुक्ती म्हणजे सुकं ना? त्याचं हे असलं मला कधी कळलं नाही. मी मीटरमध्ये लिहा म्हणायचो. वाव कोणाला समजतं?"

"हे कोणी कधी बदललं, ते दिसत नाही?"

"नाही. हिवाळ्यात साईट दुसरीकडे हलवली. फुकटातली जागा आहे, जुने बदल राहत नाहीत. बदलायचा हक्क चौघांनाच होता. सुजीत, दीपा, विपुल आणि मी. खूण काय, हातानंच टाईप करायची. एकमेकांवर विश्वास होता."

"तुझं सुजीतशी भांडण झालं होतं?"

काच बदलणारा त्याचा हात थांबला. "कोण म्हणालं? भांडण नाही. खेळाच्या कंपनीनं जाहीर केलं होतं की, खेळणाऱ्यांनी केलेल्या नकाशांतला सगळ्यांत चांगला नकाशा प्रत्येक बंदरात लावणार, करणाऱ्यांच्या नावांसकट. मी म्हटलं, ह्या तुटक रेषा काढून टाकू. अर्धवट काम वाटतं. तो म्हणाला, अर्धवट आहे तर अर्धवटच दिसू दे. चार दिवस बोलला नाही माझ्याशी."

"मग तो गेल्यावर तू रेषा सलग केल्यास?"

"आईशप्पथ नाही! बघा ना, बाकीच्या तुटक अजून तुटकच आहेत. करायच्याच असत्या तर एकच कशाला केली असती?"

हेमांगीनं स्क्रीनवर पाहिलं. खरं होतं. आणखी सातआठ रेषा तुटक होत्या, आणि त्यांच्याखाली 'ऐकीव' तसंच होतं. बदललेली होती ती ही एकच.

ती उठली तेव्हा रूपेश तिच्यामागे रस्त्यापर्यंत आला. आवाज खाली करून म्हणाला, "ताई, एक सांगू? त्या दिवशी सगळा ताफा विपुलनं गोळा केला. वाट त्यानं ठरवली. आणि सगळी जहाजं निघाली तेव्हा त्याचं एकट्याचं जहाज बंदरातच होतं."

४

विपुलचं बोईसरला हार्डवेअरचं दुकान होतं, आजोबांच्या वेळेपासूनचं. हेमांगी आली ते पाहून त्यानं गल्ल्यावर नोकराला बसवलं आणि तिला मागच्या गोदामात नेलं. नळाचे पाईप आणि रंगाचे डबे यांच्यामध्ये दोन खुर्च्या होत्या.

"बेसो, बसा हेमांगीबेन. काय घेणार?"

"तुझं जहाज का निघालं नाही?"

"उंबरगावला साखरपुडा होता, चुलतभावाचा. तिथं नेटवर्क—"

"विपुल, मी बोटींचे दावे तपासते. माणसं मला रोज साखरपुडे सांगतात."

त्यानं रंगाच्या एका डब्याचं सैल झाकण दाबून बसवलं.

"मला वाव-बीव कळत नाही," तो म्हणाला. "मी नकाशात दोनच गोष्टी बघतो. रेषा सलग की तुटक, आणि खाली खुणा किती. आदल्या दिवशी बघितलं तर खूण एकच होती. सु. नुसतं सु. तपासणाऱ्याची नाही. सलग रेषेला एक खूण, असं आमच्या नकाशात कुठंच नाही. मला शंका आली."

"म्हणून तू स्वतःचं जहाज काढलं नाहीस."

"हो."

"आणि बाकीच्यांना सांगितलं?"

"सांगितलं असतं तर कोण निघालं असतं? पलीकडच्या बेटावर बाजार भरणार होता. लांबच्या वाटेनं पोचलो नसतो. वाटलं, सुजीतची खूण आहे, तर बरोबरच असेल. एखाद वेळी दीपा खूण करायला विसरली असेल."

"बरोबर असेल असं वाटलं, तरी तू गेला नाहीस."

बाहेर कोणीतरी खिळे मागत होतं.

हेमांगीला त्याची चीड आली, पण चीड वेगळी आणि तपास वेगळा. रेषा बदलून ताफा बुडवायचा असता, तर दुसरी खूण टाकायला त्याला कितीसा वेळ लागला असता? ती नसल्यामुळेच तर तो स्वतः घाबरला होता.

तिनं त्याच्याच फोनवर नकाशा उघडायला लावला आणि शेजारी आपल्या फोनमधला भिंतीवरच्या नकाशाचा फोटो धरला. आतापर्यंत तिनं दोन्हींवरची अक्षरं वाचली होती. आता ती रेषा बघू लागली.

"जुनी रेषा सरळ आहे," ती म्हणाली. "ही मधेच बाजूला वळून पुन्हा जागेवर येते. का?"

विपुलनं मान वाकवून पाहिलं. "तिथं खडक आहे ना. दीपगृहाचा."

"जुन्या नकाशात तिथं काही नाही. नुसतं पाणी आहे."

"तेव्हा नव्हतंच. कंपनीनं नंतर आणलं. खेळात अधूनमधून नवीन बेटं, नवीन दिवे टाकतात ते. हे संक्रांतीला आलं."

हेमांगीनं दोन्ही फोन मांडीवर ठेवले.

"सुजीत कधी गेला, विपुल?"

"दिवाळीला," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला.

जो खडक समुद्रात आलाच नव्हता, त्याला वळसा घालून सुजीतनं वाट काढली नव्हती. तारीख त्याची होती, खूण त्याची होती. रेषा दुसऱ्या कोणाची तरी होती.

५

तिघं उरले होते. रूपेशला सुकती म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. विपुल खोल-उथळ बघतच नव्हता.

दीपा कोळगावला, जिल्हा मुख्यालयात कंत्राटी ऑपरेटर होती. मंगळवारी दुपारच्या सुट्टीत दोघी कॅन्टीनमध्ये बसल्या. दीपा वाळली होती. तिनं डबा उघडला आणि तसाच ठेवला.

हेमांगीला हिच्याकडे यायचं नव्हतं. सुजीतला स्मशानात नेलं तेव्हा ही पोर हेमांगीच्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. नात्यानं कोणीच नव्हती, म्हणून तिला कोणी भेटायलाही गेलं नाही. हेमांगीही नाही.

"लोक काय लिहितात, वाचलंस?"

"ऑफिसातल्या एकानं दाखवलं. ताई, मी तर तेव्हापासून खेळ उघडलाच नाही. त्याच्याशिवाय कसा उघडणार? आम्ही दोघं मिळून जायचो. तो पुढं, मी मागं. तो मोजायचा, मी तपासायची. कधी मी पुढं, तो मागं."

"ही वाट तुम्ही मिळून तपासली होती?"

हेमांगीनं तिच्यापुढे भिंतीवरच्या नकाशाचा फोटो ठेवला. जुना, तुटक रेषेचा. दीपानं त्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं.

"नाही. ही राहिली होती. त्यानं काढलेली शेवटची. कोणा परदेशी पोरानं त्याला सांगितली होती. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणाला होता." तिचा आवाज चिरकला. "ताई, त्याला दोष देऊ नका. तिथलं पाणीच फसवं आहे. हिरव्या दिव्याच्या पुढं गेलं की सगळं सपाट दिसतं. कोणालाही वाटेल, पाणी आहे म्हणून."

"आता लोकांना काय सांगायचं?"

"काय सांगणार? लोक विसरतील." तिनं डब्याचं झाकण लावलं. "चारदोन दिवस बोलतील आणि विसरतील."

हेमांगी रिक्षात बसली. मुख्यालयाच्या मोठमोठ्या इमारती मागे पडल्या. अर्ध्या वाटेत तिनं रिक्षा बाजूला घ्यायला सांगितली आणि विपुलला फोन लावला.

"त्या दीपगृहाचा दिवा कसल्या रंगाचा आहे?"

"खिंडीतल्या? हिरवा. का?"

फोटोतल्या जुन्या नकाशात दीपगृह नव्हतं. दिवा नव्हता. आणि दीपानं दिवाळीपासून खेळ उघडला नव्हता.

६

बुधवारी हेमांगीनं तिला गावी बोलावलं. घरात नाही, किनाऱ्यावर. बोंबील टांगलेल्या बांबूंच्या रांगांमागे, कोणी येणार नाही अशा जागी. दीपा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली.

"तू खेळ उघडलाच नाहीस म्हणालीस," हेमांगी म्हणाली. "मग दिवा हिरवा आहे, हे तुला कसं कळलं?"

दीपानं पायानं वाळू उकरली.

"रूपेशनं सांगितलं असेल, ऐकलं असेल, असंही मी म्हटलं स्वतःशी. मग बाकीचं जुळवलं. रेषा वळते ती दीपगृह चुकवून. म्हणजे ती संक्रांतीनंतर काढली. शेजारी सुकतीचं पाणी आणि वाव. तसं लिहिणारा एक गेला, आणि त्याच्याशेजारी बसून शिकलेली एकच माणूस आहे. दुसरी खूण नाही. ज्याला ताफा बुडवायचा असतो तो दुसरी खूण टाकतो. ज्याला तपासायला दुसरं माणूसच उरलेलं नाही, तो ती जागा मोकळी सोडतो. बदललेली रेषाही एकच. रूपेशला सगळ्या तुटक रेषा खुपत होत्या. ही एकच कोणाला खुपेल?"

"खुपत नव्हती," दीपा म्हणाली. "त्याची शेवटची होती. अशी अर्धीच राहिली होती. मला बघवत नव्हतं."

"तू गेलीस त्या वाटेनं?"

"गेले, ताई. खोटं नाही काढलं. माझी छोटी होडी घेऊन गेले. दोन्ही तोंडांना सुकतीची वाट बघून पाणी मोजलं. तीन वाव. मधे नाही मोजलं. माझी होडी सरळ पार गेली, म्हणून वाटलं सगळीच जातील. भरलेलं जहाज किती खाली बसतं ते लक्षात नाही आलं. तो असता तर मागून जड जहाज घेऊन आला असता. आम्ही तसंच करायचो."

"मग स्वतःची खूण का नाही टाकलीस?"

दीपानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मी कधीच नाही टाकली. तो गेल्यापासून एकदाही नाही. जे जे नवीन सापडलं, बेटं, पाणवठे, आसरे, सगळ्याखाली जुनी तारीख घालून सु. लिहीत गेले. रोज ऑफिसातून आले की जायची. कंपनी तो नकाशा बंदराबंदरांत लावणार होती. मला वाटलं, त्याचं नाव राहील. तुम्ही लोकांनी त्याचे शर्ट ठेवलेत. माझ्याकडं काय होतं?"

हेमांगीनं वाळूतला एक शिंपला उचलला आणि परत टाकला.

"रविवारी सकाळी तुला कळलं होतं."

"हो."

"लोक त्याला शिव्या देत होते ते वाचत होतीस."

"हो."

"एक ओळ लिहायची होती, दीपा. माझी चूक आहे, एवढी एक ओळ."

"लिहिली होती. पाठवली नाही." तिचा आवाज अगदी लहान झाला. "पोरं कशी लिहितात माहीत आहे ना तुम्हाला? मुलीचं नाव सापडलं की घरापर्यंत येतात. माझे वडील आजारी आहेत. मला वाटलं... त्याला आता काय लागणार आहे?"

"त्याला नाही लागलं. माझ्या बापाला लागलं. तीन दिवस तो बंदरावर गेलेला नाही." हेमांगी उठली. "नाव राहावं म्हणून केलंस ना? राहिलं. आता सगळ्यांच्या तोंडी तेच आहे."

दीपा रडली नाही. तिनं फोन काढला आणि हेमांगीसमोरच लिहायला घेतलं.

७

दीपानं खरं तेच लिहिलं, काही लपवलं नाही. संध्याकाळपर्यंत ते गटावर सगळ्यांनी वाचलं होतं.

सुजीतची माफी कोणी मागितली नाही. दोनचार जणांनी, 'मग ठीक आहे' असं लिहिलं. बाकीचे दीपाच्या मागे लागले. पहिल्या दिवशी ते नकाशाबद्दल लिहीत होते. दुसऱ्या दिवशी तिच्या फोटोबद्दल लिहू लागले. विपुलनं जहाज मागे ठेवलं होतं, त्याबद्दल कोणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. तोच आता नवा ताफा जमवत होता.

शुक्रवारी रूपेशचा फोन आला.

"ताई, तुम्हाला आधी सांगतो. सु. अशी खूण असलेलं सगळं आम्ही नकाशावरून काढतोय."

"सगळं? का? त्याचं तर बरोबर होतं!"

"त्याचं कुठलं आणि दीपानं नंतर टाकलेलं कुठलं, हे आता कोण सांगणार? जुने बदल राहिलेले नाहीत. एक खोटी निघाली की त्या खुणेवरचं सगळंच गेलं. लोक म्हणतात, पुन्हा मोजा."

"भिंतीवरचा नकाशा आहे माझ्याकडे. गणपतीपर्यंतचं सगळं त्यात आहे. आणि जिथं दोन खुणा आहेत, ते तर दोघांनी तपासलेलंच आहे."

"दुसरी खूण दी. आहे, ताई," रूपेश म्हणाला. "तिच्यावर आता कोण विश्वास ठेवेल?"

हेमांगीनं आणखी बोलून पाहिलं. तो ऐकून घेत राहिला, हो ताई, हो ताई म्हणत राहिला. शनिवारी तिनं नकाशा उघडला तेव्हा दर्याचा निम्म्याहून जास्त भाग कोरा होता. कंपनीनं बंदरात लावायला दुसऱ्याच गटाचा नकाशा निवडल्याचंही तिथंच लिहिलेलं होतं.

सुजीतवर आता कसलाच आरोप राहिला नव्हता. त्याचं नावही कुठं राहिलं नव्हतं.

वडिलांना सांगायला ती गावी गेली. महादू जाळं शिवत बसला होता. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाही विचारलं नाही.

"म्हंजे आपल्या पोरानं नाय केलं."

"नाही, बाबा."

"त्या पोरीनं केलं."

"हो."

महादूनं सुई जाळ्यात अडकवून ठेवली. "ती वैशाखात या घरात येनार होती ना?"

"हो."

"मंग आपलीच ती," तो म्हणाला. "बोटी आपल्याच घरानं बुडवल्या."

तीन दिवस वणवण करून, तिघांची तोंडं उघडून हेमांगीनं जे आणलं होतं, ते बापानं एका वाक्यात परत तिच्या ओंजळीत टाकलं होतं. तिला त्याचा राग आला. मेलेल्या भावाचा आला. सगळ्यांत जास्त राग आला तो दीपाचा.

"तिला उद्या जेवायला बोलव," महादू म्हणाला.

"बाबा, तिनं—"

"मानसं तिला काय काय बोलतात म्हनालीस ना तू? घरात एकलीच बसली असंल. बोलव."

रविवारी दीपा आली. तिनं उंबऱ्यात चप्पल काढली आणि तिथंच उभी राहिली. महादूनं मान हलवून तिला आत घेतलं. आईनं पाट मांडला. कोणी खेळाचं नाव काढलं नाही, सुजीतचंही नाही. महादूनं तिला वडिलांच्या तब्येतीचं विचारलं, औषध कुठलं चालू आहे ते विचारलं. ती खाली बघून उत्तरं देत होती आणि भात चिवडत होती.

वाढायला हेमांगी होती. तिनं भात वाढला, कालवण वाढलं, तळलेल्या बोंबलाचा तुकडा ताटात ठेवला. दीपाचं ताट रिकामं झालं तेव्हा हेमांगीनं ते पाहिलं, आणि आणखी घे असं न म्हणता भांडं उचलून ती आत गेली.